भाडेचिठ्ठीत न लिहिलेली जागा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आपल्या भागाचा इतिहास' या विषयावर काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं. पारोळ्याचा किल्ला, पाटणादेवी, थाळनेर यांच्यावर लिहिणारी जाणकार मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी बँकेतला माणूस. छत्तीस वर्षांच्या नोकरीत धुळे, शिरपूर, अमळनेर, जळगाव असा फिरलो आणि त्यातली बरीच वर्षं कर्जखात्यात काढली. त्यामुळे माझ्या नजरेखालून जो इतिहास गेला तो खरेदीखतं, गहाणखतं आणि भाडेचिठ्ठ्यांचा. त्यातल्याच एका लहानशा गोष्टीबद्दल लिहितो. घर भाड्याने दिलं की घरापुढची जागा कोणाची? म्हणजे ओटा, बोळ, फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि आजच्या भाषेत पार्किंग.

विषय निवडायला कारण आहे. आपल्या बत्तीस फ्लॅटपैकी अकरा आज भाड्याने आहेत. मालक पुण्याला, नाशिकला, सुरतेला, दोघे तर परदेशात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे अशी सूचना आली आहे की भाडेकरूंच्या गाड्या गेटबाहेर रस्त्यावर लावाव्यात, म्हणजे ज्या सभासदांकडे दोन गाड्या आहेत त्यांची सोय होईल. सूचना करणारी मंडळी माझी शेजारी आहेत, स्नेही आहेत आणि त्यांची अडचणही खरी आहे. पण हात वर करण्याआधी या प्रश्नाची मागची हकीकत सगळ्यांना ठाऊक असावी, एवढ्यासाठी हा लेख.

खरेदीखत आणि भाडेचिठ्ठी

जुनं खरेदीखत ज्यांनी वाचलं असेल त्यांना त्याची भाषा आठवेल. आधी चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बखळ जागा, उत्तरेस बोळ. मग 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांच्यासह, आणि शेवटी 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह'. जमिनीखाली सापडू शकणारा ठेवासुद्धा लिहून घ्यायला आपले पूर्वज विसरले नाहीत, तर मग बोळ कसा विसरतील? बोळ नसेल तर घरात जाणार कसं, हे विकत घेणाऱ्याला आणि त्याच्या दस्तलेखकाला पक्कं माहीत होतं.

आता त्याच घराची भाडेचिठ्ठी बघा. 'आपले मालकीचे घरापैकी तळमजल्यावरील दोन खोल्या दरमहा रुपये अमुक भाड्याने राहण्यास घेतल्या, भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत देईन, खोल्यांची मोडतोड करणार नाही, सांगाल तेव्हा खाली करून देईन.' खाली सही किंवा अंगठा. चिठ्ठी लिहून देणार भाडेकरू, घेणार मालक. म्हणजे कागदावर फक्त भाडेकरूची कर्तव्यं. वाटेबद्दल, ओट्याबद्दल, नळाबद्दल, अंगणाबद्दल एक अक्षर नाही. मालक-भाडेकरूंमधली निम्मी भांडणं या न लिहिलेल्या ओळीतून निघतात, असं माझं नोकरीतल्या अनुभवावरून मत झालं आहे.

पेठा, बोळ आणि बाज

आपली दोन्ही शहरं तशी नवी. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे जिल्ह्याचं ठाणं केलं. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. ब्रिग्जने बाहेरून कारागीर आणले आणि व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. घर बांधायला उचल रक्कमही दिली. म्हणजे आज आपण ज्याला गृहकर्ज म्हणतो त्याची एक आवृत्ती धुळ्यात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेली. नव्या धुळ्याचे सरळ रस्ते आणि नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही आहेत.

जळगाव वाढलं ते रेल्वे आणि कापसामुळे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झालं. पुढे जिनिंग-प्रेसिंग आले. जळगावात खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल निघाली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगावलाही जिल्ह्याची कचेरी आली. गिरणी कामगार, कचेरीतले कारकून, मास्तर, वकिलांचे कारकून, रेल्वेचे बाबू हे सगळे बाहेरगावचे. त्यांना राहायला जागा हवी होती, आणि पेठेतल्या घरमालकाला दरमहा रोख उत्पन्न हवं होतं. भाडेकरू नावाची जमात आपल्या शहरांत अशी रुजली.

ही घरं कशी होती? पुढे रस्त्यावर दुकान किंवा ओटा, मध्ये मालकाचं राहणं, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेने भाड्याच्या खोल्या. मागे जायला बाजूने हातभर रुंदीचा बोळ. जुनी घरं धाब्याची, जाड मातीच्या भिंतींची. आणि आपला उन्हाळा तर सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास. पंखा नव्हता तेव्हा रात्री खोलीत झोपणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, बाजा टाकायच्या आणि सगळं कुटुंब बाहेर. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने अंगण हीच भाडेकरूची झोपायची खोली. लेकीसुना, म्हातारी माणसं, लहान मुलं तिथेच. त्या अंगणात बैलगाडी कोणी सोडायची आणि रात्री त्यातून कोणी ये-जा करायची, हा प्रश्न इज्जतीचाही होता. खासगीपणा हा शब्द तेव्हा कोणी वापरत नसेल, पण 'बायामाणसं झोपलीत, तिकडून जाऊ नका' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे.

१८८२ चे दोन कायदे

लिहिलेला कायदा मात्र या बाबतीत समजतो त्यापेक्षा जुना आहे. १८८२ मध्ये दोन कायदे झाले, मालमत्ता हस्तांतरणाचा आणि वहिवाटीच्या हक्कांचा म्हणजे सुविधाधिकाराचा. दोन्ही आपल्या मुंबई इलाख्यात लागू व्हायला आणखी नऊ-दहा वर्षं गेली.

पहिल्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये एक वाक्य आहे. त्याचा मतलब असा की भाडेकरू भाडं देत असेल आणि ठरलेल्या अटी पाळत असेल तर मुदत संपेपर्यंत तो ती मिळकत विनाव्यत्यय भोगेल, असं मालकाने वचन दिलं आहे असंच धरलं जाईल. भाडेचिठ्ठीत लिहिलेलं नसलं तरी धरलं जाईल. इंग्रजांच्या देशात ही कल्पना जुनी होती. माणसाचं घर हा त्याचा किल्ला, हे तत्त्व तिथल्या न्यायालयाने १६०४ सालीच सांगून ठेवलं होतं. त्याच कलम १०८ मध्ये मालकाची बाजूही आहे. घराची स्थिती पाहायला वाजवी वेळी आत येण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. 'वाजवी वेळी' हे शब्द महत्त्वाचे. दुपारी बाई एकटी असताना किंवा रात्री दहाला दार वाजवणं यात बसत नाही.

दुसऱ्या कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं एक उदाहरणच दिलं आहे. एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या घरातलं खासगी राहणं दिसेल अशी नवी खिडकी कोणी काढू नये, तर तिथल्या घराला तो हक्क मिळतो. गुजरातेत अशी रूढी आहे हे मुंबईच्या हायकोर्टाने त्याआधीच, १८६० च्या दशकात मान्य केलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण खासगीपणा ही परदेशातून काल-परवा आलेली नवी टूम आहे असं पुष्कळांना वाटतं. खिडकीवरून शेजाऱ्याला कोर्टात खेचणारी माणसं आपल्या शेजारच्या प्रांतात दीडशे वर्षांपूर्वी होती.

फौजदारी कायदाही पाहा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अतिक्रमणाची व्याख्या करताना मिळकत कोणाच्या मालकीची हे विचारलेलं नाही. ती कोणाच्या ताब्यात आहे हे विचारलं आहे. ताब्यात असलेल्या माणसाला धमकावण्यासाठी, अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी आत शिरलं तर तो गुन्हा. २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही कल्पना तशीच आहे. म्हणजे त्रास देण्याच्या हेतूने आत शिरलेल्याला 'घर माझंच आहे' हे उत्तर पुरत नाही.

भाडं गोठलं, बोळ बंद झाला

कायदे असे होते, तरी भांडणं का वाढली? याचं उत्तर भाडे नियंत्रणात आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. शेवटी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाण धरलं गेलं. भाडेकरू नियमाने भाडं देत राहिला तर मोजक्या कारणांशिवाय त्याला काढता येईना.

फाळणीनंतरच्या त्या काळात हा कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती, हे खरं. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. मालकाला पंधरा-वीस रुपये भाड्यात घरपट्टीही भागेना. पेठेतल्या किती वाड्यांची धाबी याच काळात बसली ते आपण पाहिलं आहे. भाडं वाढवता येत नाही, माणूस काढता येत नाही. मग काही मालकांनी तिसरा रस्ता धरला. खोलीला हात लावायचा नाही, खोलीबाहेरचं आयुष्य अवघड करायचं. नळाचा चावीवाला कॉक आपल्याकडे ठेवायचा, जिन्यातला दिवा काढायचा, बोळात सरकीची पोती रचायची, अंगणात गाडी आणून उभी करायची. भाडेकरू कंटाळून स्वतःच गेला पाहिजे.

कायदा करणाऱ्यांना हे दिसत होतं. म्हणून १९४७ च्या कायद्यात दोन गोष्टी घातलेल्या आहेत. एक, 'जागा' या शब्दाच्या व्याख्येतच इमारतीला लागून तिच्याबरोबर येणारी बाग, मोकळी जमीन, गॅरेज आणि बाहेरची खोली यांचा समावेश केला. दुसरं, पाणी, वीज, बोळातले आणि जिन्यातले दिवे, सफाई अशा आवश्यक सोयी मालकाने तोडता कामा नयेत, तोडल्या तर शिक्षा. भाडेचिठ्ठीत जी ओळ कोणी लिहीत नव्हतं ती कायद्याने लिहिली.

धुळ्यातला माझा अनुभव

१९७९ मध्ये माझी धुळ्याला बदली झाली. आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या, भाडं नव्वद रुपये. आई, बायको आणि वर्षाचा मुलगा बरोबर. पुढे लहानसं अंगण. उन्हाळा लागला तसे आम्ही बाहेर झोपू लागलो. मेच्या पहिल्या आठवड्यात मालकांच्या पुतण्याने नवी मेटॅडोर घेतली आणि ती रात्री आमच्या अंगणात लागू लागली. पहाटे पाचला ड्रायव्हर यायचा, मग बायकांनी उठून बाजा उचलायच्या. आठ दिवसांत आई म्हणाली, मी गावी जाते.

मालक वयाने मोठे, सगळे त्यांना आबा म्हणायचे. स्वभावाने वाईट मुळीच नव्हते. मी त्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही दोन खोल्यांचं भाडं देता. अंगणाचं कुठं देता?"

मी म्हणालो, "आबा, मग रस्त्यावरून खोलीत उडी मारून जाऊ का?"

ते हसले. मग मी त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या स्वतःच्या खरेदीखतात जाण्यायेण्याचा हक्क लिहिला आहे की नाही. त्यांनी आत जाऊन पेटीतून कागद काढला, चष्मा लावून ती ओळ वाचली आणि कागद घडी करून ठेवला. पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी मेटॅडोर समोरच्या वखारीत लागली. पुढच्या महिन्याच्या भाडेपावतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पुढील आंगण व बोळ वापरासह'. त्यानंतर साडेचार वर्षं आम्ही तिथे राहिलो, एकदाही शब्दाला शब्द लागला नाही. घर सोडताना आबांनी आईला साडी दिली.

सगळे मालक आबांसारखे नसतात हे मला माहीत आहे. पण ती एक ओळ लिहिली गेल्यावर भांडणाला जागा उरली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुलूपबंद घरं आणि अकरा महिने

१९७३ मध्ये आणखी एक वळण आलं. मालक भाडेकरार टाळून 'लायसन्स' म्हणजे केवळ वापराची परवानगी म्हणून जागा देऊ लागले होते. सरकारने दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी असे जे परवानगीने राहत होते त्यांना भाडेकरूच ठरवलं. त्याचा धसका मालकांनी इतका घेतला की पुढची पंचवीस वर्षं घर रिकामं ठेवू, कुलूप लावू, पण भाड्याने देणार नाही, अशी पद्धत पडली. ज्यांना घर मिळायचं ते ओळखीने, आणि बँकेच्या नावाने करार असेल तर जरा लवकर. बँकेचा करार म्हणजे बदली झाली की साहेब जाणार, ही मालकाला खात्री.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९४० चं भाडं कायमचं गोठवून ठेवणं आता अन्यायाचं झालं आहे. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर विदर्भात मध्य प्रांताचा, मराठवाड्यात हैदराबादचा आणि आपल्याकडे मुंबईचा असे तीन वेगळे कायदे चालू होते, ते एक झाले. आपली सोसायटी आणि हा कायदा एकाच वयाचे आहेत. आपलं पंचवीस वर्षांचं सगळं भाडेव्यवहाराचं जीवन याच कायद्याखाली गेलं आहे.

या कायद्याने मालकाला दिलासा दिला. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली. 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपली की घर परत मिळणार, आणि राहणारा हटला नाही तर दुप्पट रक्कम द्यावी लागणार. त्यामुळेच कुलपं उघडली आणि आपल्या सोसायटीत अकरा घरांत आज दिवा लागतो. पण त्याच कायद्याने राहणाऱ्यालाही तीन गोष्टी दिल्या, त्या मात्र कोणी वाचत नाही.

पहिली: कलम २८. मालकाला घर पाहता येईल, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. हे भाडेकरूला लागू आहे आणि लायसन्सवर राहणाऱ्यालाही लागू आहे. दुसरी: कलम २९. पाणी, वीज, बोळ-जिन्यातले दिवे, लिफ्ट या सोयी तोडायच्या नाहीत. 'जागा' शब्दाची जुनी व्याख्या, मोकळी जमीन आणि गॅरेजसह, इथेही कायम आहे. तिसरी: कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदणी झालेला हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. स्टँपपेपरवर घाईने सही करून कपाटात ठेवणाऱ्या आपल्या सभासदांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. पार्किंगबद्दल काहीच लिहिलं नसेल आणि करार नोंदलेलाही नसेल, तर उद्या भाडेकरू म्हणाला की पार्किंगसह ठरलं होतं, तर खोडून काढायचं ओझं मालकावर.

दहिसरचा खटला आणि आपलं पार्किंग

बंगल्यात गोष्ट सोपी असते. कंपाउंडसह घर दिलं की फाटकाच्या आतली वाट राहणाऱ्याची, मग मालकाच्या जावयाचा ट्रॅक्टर तिथे उभा राहू शकत नाही. फ्लॅटमध्ये तिसरा घटक येतो, सोसायटी.

याबाबत महत्त्वाचा निकाल मुंबईतल्या दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. बिल्डर नहालचंद लालूचंद कंपनीचं म्हणणं होतं की इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंगची जागा आम्हाला वेगळी विकता येते. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही. १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्याखाली अशी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक सोय आहे आणि ती सगळ्यांची म्हणजे सोसायटीची. आदर्श उपविधींची दिशाही हीच आहे. सोसायटी जागा वाटून देते, सभासदाला ती विकता येत नाही, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवा. फ्लॅटमालक 'पार्किंग माझ्या बापाचं' असं म्हणू शकत नाही. भाडेकरूही सोसायटीने न दिलेली जागा मागू शकत नाही. पण सोसायटीने जी जागा त्या फ्लॅटला दिली आहे ती मालकाने करारात लिहून राहणाऱ्याला दिली, तर तो राहतो तोवर ती त्याच्या घराचाच भाग समजायला हवी. मालक पुण्याला आणि त्याची जुनी मारुती कव्हर घालून इथे भाडेकरूच्या जागेत, हे आपल्याकडे तीन ठिकाणी चालू आहे. भाडं मात्र 'पार्किंगसह' घेतलं जातं.

आणखी एक हिशेब, बँकेतल्या माणसाचा. घर भाड्याने दिलं की सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. २००१ च्या सरकारी आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरतं मर्यादित केलं आहे. म्हणजे भाड्याच्या घरामागे सोसायटीला इतरांपेक्षा जास्त रक्कम मिळते. जास्त घेऊन कमी सोय द्यायची, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

दार, किल्ली आणि कॅमेरा

वाटेचा प्रश्न शेवटी दाराशी येतोच. माझी मुलगी नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात भाड्याने राहत होती. घरमालकांकडे दुसरी किल्ली होती. एकदा ती ऑफिसातून लवकर आली तर मालक आणि एक गिऱ्हाईक तिच्या खोलीत उभे राहून कपाट उघडून पाहत होते. फ्लॅट विकायचा होता म्हणे. चोरी झाली नाही, कोणी वाईट बोललं नाही. पण तिने त्या रात्री मैत्रिणीकडे झोपून महिनाभरात घर बदललं. भाडं देणाऱ्या माणसाला त्या घरात आपलं म्हणून काय असतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला सरकार आणि नागरिक यांच्यातला होता, घरमालकाशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण त्यातला विचार सोपा आहे. हा हक्क माणसाचा आहे, मालमत्तेचा नाही. म्हणून सातबारा किंवा शेअर सर्टिफिकेट आपल्या नावावर आहे म्हणून आपल्याला जास्त आणि भाडेकरूला कमी, असा तो वाटला जात नाही.

आपल्याकडे याची साधी उदाहरणं आहेत. भाडेकरूंच्या आधार कार्डाचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले जातात. ते सेक्रेटरींच्या फायलीत राहावेत, ऐंशी लोकांच्या मोबाइलमध्ये त्यांचं काम नाही. दुसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा जिन्याकडे असायला हवा, तो थेट एका घराच्या दारात वळलेला आहे. मेडिकल कॉलेजमध्ये नोकरी करणाऱ्या दोन नर्स त्या घरात राहतात, रात्रपाळीच्या त्यांच्या वेळा वॉचमनपासून सगळ्यांना पाठ आहेत. कोणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. आबांचाही नव्हता.

सभेपुढे चार सूचना

इतिहास सांगून थांबलो असतो, पण विषय सभेपुढे आहे म्हणून लिहूनच टाकतो.

एक, प्रत्येक फ्लॅटला एक गाडीची जागा. फ्लॅटमध्ये जो राहतो तो ती वापरेल, सभासद असो की भाडेकरू. दुसऱ्या गाडीची जागा उरली तर चिठ्ठी टाकून, वर्षासाठी. गेटबाहेर जायचं तर दुसऱ्या गाडीने जावं, कोणाच्या पहिल्या गाडीने नाही.

दोन, भाड्याने देणाऱ्या सभासदाने करारात पार्किंगचा नंबर लिहावा किंवा 'पार्किंग नाही' असं स्पष्ट लिहावं. करार नोंदवावा आणि प्रत सोसायटीला द्यावी. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, पण आधी कळवावं लागतं, तेवढं कळवावं.

तीन, मालकाला घर पाहायचं असेल, दाखवायचं असेल, दुरुस्ती करायची असेल, तर आदल्या दिवशी राहणाऱ्याला निरोप द्यावा. किल्ली वापरून परस्पर आत जाऊ नये. वॉचमननेही तशी किल्ली देऊ नये. गॅस गळती, पाणी फुटणं असा प्रसंग अर्थातच वेगळा.

चार, लग्न, पूजा, मंडप यासाठी वाट अडणार असेल तर दोन दिवस आधी फळ्यावर लिहावं, आणि ज्याची गाडी अडकणार त्याला स्वतः जाऊन सांगावं. भाडेकरूंनीही पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्याच्या जागेत लावू नयेत. त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही काही खोट्या नाहीत.

आपल्या सोसायटीतले पहिले सभासद आठवा. आपण बहुतेक सगळे त्याआधी कुठे ना कुठे भाड्याने राहिलो. कोणी शनिपेठेत, कोणी जिल्हापेठेत, कोणी भुसावळला. घर घ्यायचं ठरवलं त्यामागे एक कारण हेही होतं की आपल्या दारासमोर कोणी काही आणून ठेवू नये. आज आपल्या इमारतीत अकरा कुटुंबं त्या जागी आहेत. त्यातली निम्मी उद्या जळगावातच घर घेतील आणि तुमच्या-माझ्यासारखीच सभासद होतील.

करारात घालायच्या मजकुराचा कच्चा मसुदा मी सेक्रेटरींकडे देऊन ठेवला आहे, कोणालाही पाहता येईल. ज्यांना आपला जुना करार तपासून घ्यायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्याकडे यावं, मी घरीच असतो. रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना आणि सर्व भाडेकरू कुटुंबांना मनःपूर्वक शुभेच्छा.